एका मिनिटाच्या आतल्या घंट्या

ॲडाप्टर म्हणजे काय असं कोणी विचारलं, अन् मी तोंड उघडायच्या आत सोताच "चार्जरले लागते ते का?" म्हणलं, का माया डोक्शात सणक जाते. चार्जरचं नाही, बाप्पा. कोडातलं. दोघांचं आपसात जमत नसलं, अन् दोघांपैकी एकालेबी बदलता येत नसलं, तर मधात बसवायचा क्लास, म्हणजे कोडाचा एक तुकडा. एवढंच आहे ते. कॉलेजात पाच मार्कांचा प्रश्न होता. त्याच पाच मार्कांवर मी सहा साल झाले पोट भरून राह्यलो.

मी वीरेंद्र. वाशीमले एस.टी. स्टँडच्या मागं एका खोलीत राह्यतो. कंपनी पुण्याची, काम खोलीतून. आठ-आठ दिवस कोणाशी तोंडानं बोललो नाही असे हप्ते गेले आहेत. डबेवाली बाई डबा कडीले अडकवून जाते. मीटिंगमध्ये सगळेच कॅमेरा बंद ठेवतात अन् बोलायचं काम मॅनेजरच करते. एखाद्या संध्याकाळी खाली उतरून चहावाल्याले "एक कट" म्हणलं तर आवाज असा फाटका निघते का माया मलेच लाज वाटते.

आमची कंपनी म्हाताऱ्या लोकायची खबर ठेवते. पोरं बंगलोरले नाही तर अमेरिकेत, मायबाप गावात. म्हाताऱ्याच्या हातात एक पट्टा बांधतात, नाही तर गोळ्यांची डबी देतात, नाही तर गादीखाली एक पट्टी टाकतात. पट्टा नाडीचे ठोके सांगते. डबी सांगते झाकण किती वाजता उघडलं. गादी सांगते माणूस कवा उठला. प्रत्येकाची बोली अलग. अन् आमचं मेन ॲप सगळ्यायले एकच प्रश्न विचारते, ठीक आहे का? उत्तरं दोनच चालतात, 'ठीक' नाही तर 'लक्ष द्या'. ठीक असलं का पोराच्या मोबाईलवर हिरवा ठिपका लागते.

आता मेन ॲपले हात लावायची सोय नाही, ते हजारो फोनात जाऊन बसलं आहे. पट्टा बनवणारी कंपनीबी आपलं आयकत नाही. मंग मधात मी. पट्ट्यासाठी एक ॲडाप्टर, डबीसाठी एक, गादीसाठी एक. नाडी बहात्तर आली, मी वरतं सांगतो ठीक. झाकण उघडलं, ठीक. नाडी काहून धावली, गोळी तोंडात गेली का खिडकीतून बाहेर, हे सगळं माया क्लासातच राह्यते. वरून कोणी विचारतच नाही, तर सांगता कोणाले.

मायाबी एक म्हातारा आहे. बाप, गोविंदसिंग. आमी त्याले बा म्हणतो. मानोऱ्याकडं, पोहरादेवीच्या अलीकडं आमचा तांडा आहे, वाशीमहून एस.टी.नं अडीच तास. याडी, म्हणजे आमच्या गोरमाटी बोलीत आई, रुखमाबाई तिचं नाव, तिले जाऊन चार साल झाले. ती होती तवर बा मायाशी तिच्यातूनच बोले. "त्याले जेवून घे म्हणा." मी दोन हातांवर समोर बसलेलो असो, तरी "त्याले म्हणा." मीबी तसाच. "बाले विचार, बैल विकला का?" याडी मधात बसून भाकरी थापे अन् इकडचं तिकडं सांगे. ती गेली अन् मधात कोणीच उरलं नाही. सरळ बोलायची आमाले दोघायलेबी सवय नव्हती. उरली फक्त घंटी.

घंटी म्हणजे मिसकॉल. मी लहान होतो तवा बा अन् याडी दिवाळी झाली का ऊसतोडीले कऱ्हाडकडं जात, ते होळीलेच परत येत. मी शाळेसाठी तांड्यात राहो, शेजारच्या बेबीकाकीपाशी. तिकडं टोळीचा मुकादम दौलतसिंग, त्याच्यापाशी मोबाईल होता. इकडं तांड्याच्या दुकानात एक फोन. बोलायले पैसे पडत, घंटीले पडत नसत. म्हणून बानं कायदा करून देला होता. एक घंटी म्हणजे पोचलो, सगळं ठीक. दोन म्हणजे उचल, बोलायचं आहे. तीन म्हणजे ये. कोणाची घंटी आली का आपुन एक परत द्यायची, म्हणजे आयकली. "अन् तीन आल्या का निघायचं," बा म्हणे. "काहून, कायले, विचारत बसायचं नाही."

चौथीत असताना मी एकडाव तीन देल्या. झालं काहीच नव्हतं. शाळेतून आलो, आमच्या घराले कुलूप, रोजच असे, पण त्या दिवशी ते कुलूप पाहून दप्तर ओट्यावरच टाकलं. दुकानात गेलो अन् तीनदा लावून तीनदा कापला. तिसऱ्या दिवशी सकाळी बा तांड्याच्या वाटेवर दिसला. हातापायाले उसाच्या पानाचे चिरे, ट्रकमधून, बसमधून आलेला. "काय झालं?" म्हणे. मी म्हणलं, "करमत नव्हतं." मले वाटलं आता पाठीत बसते. बा दोन दिवस राह्यला, मले शाळेत सोडलं, घ्यायले आला, अन् परत गेला. उगाच बोलावलं असं त्यानं आजपर्यंत तोंडातून काढलं नाही.

आता फोन फुकट झाला आहे, दिवसभर बोला. पण बाची सवय गेली नाही. बटनाचा फोन, अन् रोज संध्याकाळी सहाले एक घंटी. मी एक परत द्यायचो. कवा लगेच, कवा बसमध्ये असलो तर उशिरा, कवा मीटिंग लांबली तर सातले. दिवसभरात बापलेकाचं बोलणं एवढंच. पण ते होतं. ते तुटलं असतं तर आमच्या दोघात काहीच शिल्लक नव्हतं, हे मले चांगलं माहीत होतं. अन् तरी मी जे केलं ते केलं.

मागच्या उन्हाळ्यात कंपनीत निघालं, ज्यायच्यापाशी साधा फोन आहे त्यायच्यासाठी काहीतरी नमुना करून दाखवा. मी म्हणलं, आपल्यापाशी नमुना घरचाच आहे. मायापाशी फुटक्या काचेचा एक जुना मोबाईल पडून होता. माया जुना नंबर, बाले पाठ असलेला एकुलता एक, तो त्यात टाकला अन् चार्जरले लावून रॅकवर ठेवला. सोतासाठी नवीन नंबर घेतला. क्लासचं नाव ठेवलं घंटीॲडाप्टर. घंटी आली का तो वरतं 'ठीक' सांगे, अन् दहा सेकंदांनी सोताहूनच बाले एक घंटी परत देई. रात्री आठपर्यंत घंटी आली नाही तर 'लक्ष द्या'. मेन ॲपमध्ये एक ओळ बदलली नाही. बाच्या फोनाले हात लावला नाही. पुस्तकात लिहितात तसा ॲडाप्टर.

पहिल्या दिवशी सहा वाजले. रॅकवरचा फोन थरथरला. लॅपटॉपवर गोविंदसिंग नावापुढं हिरवा ठिपका लागला, अन् दहा सेकंदांनी फोननं घंटी परत देली. मी खुर्चीवर नुसता बसून होतो. लय खूश झालो, खोटं कायले बोलू. अन् आणखी एक सांगतो, आंगावरचं ओझंबी उतरलं. सहा वाजले का मले बा आठवे, बा आठवला का याडी आठवे, मंग ती सगळी संध्याकाळ वाया जाय. आता ते मशीन पाहून घेणार होतं.

हप्त्याभरात एक कटकट निघाली. बाचा आंगठा जाड, फोनाचं बटन जुनं, एकाच्या जागी दोनदा दबे. पाठोपाठ दोन घंट्या येत अन् ठिपका लुकलुके. मी चार ओळी टाकल्या. एका मिनिटाच्या आत त्याच नंबरावरून परत घंटी आली तर ती चुकून दबली समजायची, मोजायची नाही.

आमच्या टीममध्ये निकिता आहे, पुण्याची, माया कोड तीच तपासते. तिनं त्या चार ओळींखाली लिहिलं, "वीरेंद्र, दोन रिंग आल्या तर? त्याचा अर्थ वेगळा असू शकतो ना?"

मले राग आला. मी लिहिलं, "माझे वडील आहेत. ते कसे बोलतात ते मला माहीत आहे." तिनं बिचारीनं हो म्हणून टाकलं.

दोनचा अर्थ काय अन् तीनचा काय हे मले माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण वीस साल झाले, तीन कोणी देल्या नव्हत्या. वरतं जागाबी दोनच उत्तरांची. तीनले 'लक्ष द्या' करायले दहा मिनिटं लागली असती. मी नाही केलं. आळस म्हणा, घमेंड म्हणा, दोन्ही म्हणा.

मंग पावसाळा गेला. मी सहा वाजता फोनाकडं पाह्यनंच सोडलं. रात्री झोपताना ठिपका पाहो, हिरवा दिसे, लॅपटॉप बंद करो. दिवाळीले गेलो नाही. कंपनीचं नवीन व्हर्जन सुटणार होतं, अन् खरं सांगायचं तर याडी नसलेल्या घरात दिवाळीले जायले दर साली जीवावर येते. ठिपका हिरवा होता. 'लक्ष द्या' एक दिवस आलं नाही.

जानेवारीत निकिताचा निरोप आला का घंटीचा नमुना एका मोठ्या गिऱ्हाइकाले दाखवायचा आहे, तर ज्याची माहिती वापरली त्या माणसाची संमती पायजे, कागदावर, सहीनं. म्हणजे बाची सही. शनिवारी मी दोन पानांचा फॉर्म घेऊन निघालो. आठ महिन्यांनी तांड्यावर जाऊन राह्यलो होतो, ते सही आणायले.

पोचलो तवा पाच वाजून गेले होते. घराले कुलूप. वावरात गेला असंल म्हणून मी ओट्यावर टेकलो. मंग पाह्यलं, कुलपावर जाळं धरलं होतं. आंगणातली चूल अवकाळी पावसानं खचली होती अन् कोणी लिंपली नव्हती. फॉर्म हातात धरून मी उभा राह्यलो.

शेजारच्या आंगणात बेबीकाकी सुपात तूर पाखडून राह्यली होती. तिनं मले पाह्यलं अन् सूप खाली ठेवलं.

"वीरू? तू कसा आला रे?"

"बा कुठी आहे, काकी?"

"तुले माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"टोळीत गेला ना तो. दौलतसिंगच्या. कऱ्हाडले."

"ऊस तोडाले? त्रेसष्ट सालाचा माणूस?"

"तोडाले नाही बाप्पा. कोप्यायपाशी, झोपड्यायपाशी बसाले. सगळे फडात गेले का तो लेकरं सांभाळते, बैलायले पाणी दाखवते. दौलतसिंग म्हणे, चला भाऊ, तुमाले काय काम सांगाचं, माणसात राहा. गेला मंग."

"कवा?"

"दिवाळीच्या पाडव्याचा गेला."

मले राग आला, अन् कोणावर काढू समजेना. "अडीच महिने झाले. मले कोणी सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं ना," काकी म्हणे. "तीन देल्या त्यानं तुले. मी इथंच बसली होती."

दिवाळीत आमच्यात पितरांच्या नावानं निखाऱ्यावर तूप अन् लापशी सोडतात. धबुकार म्हणतात त्याले. घरातले पुरुष बसतात, बाप अन् पोरं. याडी गेल्यापासून दर साली तिच्या नावाचा मी अन् बा मिळून सोडत होतो. औंदा मी आलो नाही. काकीनं सांगतलं ते असं. दिवाळीच्या आदल्या दिवशी बानं कायचीच तयारी केली नाही, नुसता ओट्यावर बसून होता. तिले म्हणे, वीरूले बोलावतो, त्याच्या हातचं तूप पायजे रुखमाले. सहा वाजले तसा फोन काढला अन् तीन घंट्या देल्या. मंग फोन मांडीवर ठेवून वाट पाह्यत बसला.

"तुयी एक आली," काकी म्हणे. "लगेच आली."

"मंग?"

"मंग काही नाही. म्हणे, त्याचं ठीक आहे. बरं आहे म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यानं एकट्यानंच सोडलं, अन् पाडव्याले टोळीच्या ट्रकात बसला. मी म्हणलं, फोन करून बोल ना पोराशी. म्हणे, तीन आयकून जो एक देते, त्याच्याशी बोलाचं काय."

"मले तीन आल्याच नाहीत, काकी."

मी खिशातून मोबाईल काढला. घंटीॲडाप्टर रोजची नोंद ठेवते, ती कुठूनबी पाह्यता येते. दिवाळीच्या आदल्या दिवसाची उघडली. सहा वाजून दोन मिनिटं, घंटी आली, मोजली, ठीक. सहा वाजून दोन मिनिटं वीस सेकंद, घंटी आली, एका मिनिटाच्या आत, सोडली. सहा वाजून दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद, घंटी आली, एका मिनिटाच्या आत, सोडली. मधात उत्तर देलं, लाइन बिझी. सहा वाजून तीन मिनिटं, परत उत्तर देलं, एक.

तिन्ही आल्या होत्या. माया कोडानं तिन्ही आयकल्या, लिहूनबी ठेवल्या, अन् कोणाले सांगतलं नाही, कारण मीच त्याले सांगू नको म्हणलं होतं. त्या चार ओळी माया हातच्या. मी काकीच्या तुरीच्या ढिगापाशी बसून घेतलं. सहा साल कोड लिहून राह्यलो, बग म्हणजे कोडातल्या चुका लय पाह्यल्या, पण रडू आणणारा बग हा पहिलाच.

तेवढ्यात एक प्रश्न डोक्यात आला. बा जर दिवाळीपासून कऱ्हाडले आहे, तर रोज सहाले घंटी कोण देऊन राह्यलं? ठिपका तर कालबी हिरवा होता.

काकी उठली. "थांब, सहा वाजले वाटते," म्हणे, अन् घरात गेली. दिवळीतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत फडकं, फडक्यात बाचा बटनाचा फोन.

"तू देते घंटी?"

"मंग कोण देईन? गोविंदभाऊ फोन देऊन गेला मले. म्हणे, वीरूले कळू देऊ नको, काम टाकून येईन. रोज सहाले एक दाबत जाय, म्हणजे त्याले चिंता नाही. मले कुठी वाचता येते. हे पाह्य, बटनावर चुना लावून देला त्यानं."

हिरव्या बटनावर खरंच चुन्याचा ठिपका होता, अर्धा पुसलेला. काकीनं तो आंगठ्यानं दाबला, फोन कानाशी धरला, एक घंटी आयकली अन् कापला. मी समोर उभा आहे, पण नेम तो नेम. तिच्या डोक्यात ते आलंच नाही.

मंग ती ओठात मोजायले लागली. एक, दोन, तीन, चार. मी पाह्यत होतो. दहा झाले अन् तिच्या हातातला फोन वाजला. एकदा वाजला अन् बंद झाला.

"आली पाह्य वीरूची," काकी म्हणे. तिचं तोंड असं फुललं होतं का सांगता येत नाही. "दहा मोजले का येतेच. एक दिवस चुकला नाही पोरगा. गोविंदभाऊ हप्त्याले दौलतसिंगच्या फोनावरून विचारते, मी सांगतो त्याले, वीरूची रोज येते म्हणून."

बोलता बोलता ती थांबली. माया एका हातात फॉर्म होता, दुसऱ्या हातात मोबाईल, अन् मी काहीच दाबलं नव्हतं. तिनं हातातल्या फोनाकडं पाह्यलं, मंग मायाकडं.

"तू तं इथं उभा आहे," म्हणे. "मंग हे कोणं देली?"

"कोणी नाही, काकी," मी म्हणलं.

अडीच महिने इकडून काकी दाबत होती अन् तिकडून रॅकवरचा फोन उत्तर देत होता. बा कऱ्हाडले, मी लॅपटॉपपुढं, दोघंबी त्यात नव्हतो. अन् रोज सगळं ठीक होतं. मले वाटे मी ॲडाप्टर केला, अन् बानंबी एक करून ठेवला होता, चुन्याचा ठिपका लावून. त्याच्यात निदान एक माणूस होतं.

काकीले मी समजावून सांगतलं, जमंल तसं. ती रागावली नाही. फोन फडक्यात गुंडाळत म्हणे, "म्हणजे मी बी रोज उगाचच खूश होत होती." अन् फोन मांडीवर ठेवून बसली.

मी तिथूनच मोबाईलवरून घंटीॲडाप्टर बंद केला. मंग दौलतसिंगचा नंबर बाच्या फोनातून काढला अन् लावला. पहिली घंटी गेली. आंगठा सवयीनं लाल बटनाकडं गेला. मी कापला नाही. दुसरी गेली, तिसरी गेली. जन्मात पहिल्यांदा बाले लावलेला फोन मी कापला नव्हता.

दौलतसिंगनं उचलला अन् नाव आयकून ओरडला, "गोविंदभाऊ, वीरू आहे." मागं लेकरायचा कल्ला, कोणीतरी बाई हसून राह्यली होती, बैलाच्या घुंगराचा आवाज. इतक्या माणसायचा आवाज मी लय दिवसांनी आयकला.

"हाव," बा म्हणे.

"बा, मी वीरू."

"हाव."

"तू दिवाळीत तीन देल्या होत्या."

"हाव," बा म्हणे.

"मले एकच समजली. म्हणजे मले तेबी नाही समजली. मी घंटीले मशीन लावून ठेवलं होतं, बा. ते मोजे अन् तेच उत्तर देई. एका मिनिटाच्या आत दुसरी आली तर ते सोडून देई. मायीच चूक आहे. तीन मोजायचं मी त्याले सांगतलंच नव्हतं."

असं मी किती वेळ बोललो कोणास ठाऊक. आमच्या दोघात एवढं बोलणं कवा झालंच नव्हतं. बानं सगळं आयकून घेतलं. मंग म्हणे, "मशीन होतं, बरं. तू कुठी होता?"

'ठीक' म्हणता येत नव्हतं अन् 'लक्ष द्या' म्हणायचं तोंड नव्हतं.

"वाशीमलेच होतो," मी म्हणलं.

"हं," बा म्हणे. लेकरू त्याच्या आंगावर चढून राह्यलं असावं, तो त्याले गोरमाटीत हळूच काहीतरी बोलला. तेवढ्या मायेनं तो मायाशी कवा बोलला मले आठवलं नाही. मंग म्हणे, "रुखमाच्या नावाचं तूप मी सोडलं. तुया हातचंबी मीच सोडलं. दोनदा सोडलं."

अन् फोन बंद झाला. दौलतसिंगले पायजे असंल.

मी फॉर्मची घडी घालून खिशात कोंबली. निकिताले काय सांगायचं ते सोमवारी सांगीन. काकीनं भाकर अन् ठेचा फडक्यात बांधून देला, कुठी चालला विचारलं नाही, तिले कायदा माहीत आहे.

"उद्या सहाले दाबू का?" ती म्हणे.

"नको काकी. आता कायले."

तिनं मांडीवरच्या पिशवीकडं पाह्यलं. "मंग सहाले मी काय करू?"

एक पोरगी आहे तिची, तिकडं पुसदकडं देली, ती साल-साल येत नाही. हे मले माहीत होतं, पण कवा डोक्यात बसलं नव्हतं. मी फोन तिच्याकडून घेतला अन् माया नवीन नंबर त्यात टाकून चुन्याच्या बटनाखाली बसवून देला.

"दाबत जाय," मी म्हणलं. "मी देईन परत. दहा मोजून नाही येणार मात्र. कवा उशीर होईन, कवा आठ वाजतील."

"मशीन लावू नको," काकी म्हणे.

"नाही लावत."

आता मी मानोऱ्याहून सुटलेल्या एस.टी.त आहे. ही वाशीमले जाईन, तिथून पुढची धरायची, उद्या दुपारी कवातरी कऱ्हाड. टोळी कोणत्या फडात आहे तेबी मले माहीत नाही, दौलतसिंगले विचारीन. चौथीतल्या पोरासाठी बा उगाचच्या तीन घंट्यांवर तिसऱ्या दिवशी हजर झाला होता. मले खऱ्याखुऱ्या तीन आल्या, अन् निघायले अडीच महिने लागले.

बाले मी येऊन राह्यलो म्हणून सांगतलं नाही. दोनदा मोबाईल काढला अन् परत खिशात टाकला. निघालो म्हणायची घंटी आमच्या कायद्यात नाही. एकच द्यायची असते, ती पोचल्यावर. अन् अजून वाटेतलं मंगरूळपीरबी आलं नाही.